एकवीस नंबरचे वामनकाका

वामनकाका कोणालाही ‘तुम्ही कुठले?’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, “किती नंबर?”

भंडाऱ्याच्या बाजारात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. नवीन गिऱ्हाईक हा प्रश्न ऐकून आपल्या चपलेकडे पाहतं. मग काका सोपं करून विचारतात, “गाव कोणतं जी?” नागपूर म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो. “एकवीस. म्हणजे घरचेच. बसा जी, चहा सांगतो.” पुणं निघालं तर हळहळतात, “साडेअठरा. लय खाली राहता.” एकदा दिल्लीचे एक गृहस्थ आले होते. काकांनी मान वर करून छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “अठ्ठावीस. थंडी वाजत असन.” महिना मे होता आणि गृहस्थ घामानं निथळत होते.

हा नंबर म्हणजे अक्षांश. पण तो शब्द काका वापरत नाहीत. ते ‘आडवी रेघ’ म्हणतात. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे आम्ही लॅटिट्यूडची व्याख्या पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विसरून गेलो. नकाशावरच्या रेघेशी कोणी नातं जोडू शकतं, हे मला आमच्या शेजारच्या या दुकानात कळलं. भंडारा एकवीस आणि वर थोडं. त्यामुळे एकवीसच्या रेघेवर पृथ्वीभर जे कोणी राहतात ते सगळे काकांचे भाऊबंद. पश्चिमेला सुरत, पूर्वेला रायपूर, आणखी पुढे गेलं की व्हिएतनामातलं हनोई. टीव्हीवर तिकडच्या पुराची बातमी लागली की काका अस्वस्थ होतात. “आपल्या रेघेवर पाणी आलं व.”

“वैनगंगेले पूर आला तवा तं घोरत पडले होते,” आतून काकू म्हणतात.

काका हिशेबात फार ताणून धरत नाहीत. “अर्धा डिग्री इकडं-तिकडं चालते. तागडीत नाही चालत काय?” या नियमाचा सगळ्यात जास्त उपयोग काकूंच्या बाबतीत होतो. काकूंचं माहेर लाखांदूरचं, म्हणजे वीस आणि पाऊण. जेवण मनासारखं झालं असेल तर काकू एकवीसच्या. भांडण झालं असेल तर, “जाऊ दे, वीस नंबरचीच हाय ते.”

आणि भांडण बहुतेक वेळा गुंडावरून होतं.

गुंड म्हणजे पाणी भरायचं मोठं, गोल पोटाचं पितळी भांडं. हा गुंड काकूंच्या आंदणातला. दुकानामागच्या खोलीत काकांची खराद मशीन आहे. तिच्यावर भांडं गरगर फिरत राहतं आणि टेकवलेली छिन्नी त्यावर गोल रेघ काढत जाते. काकांनी एके दिवशी त्या गुंडावर विषुववृत्त काढलं, बरोबर पोटाच्या घेरावर. मग त्याच्या वर-खाली दहा-दहाच्या रेघा. मग एकवीसची एक खास खोल रेघ, आणि त्या रेघेवर खिळ्यानं ठोकलेला एक ठिपका: भंडारा. तेव्हापासून गुंड दुकानाच्या मधल्या फळीवर बसलेला असतो, भंडारा पुढे आणि बाकीची दुनिया भिंतीकडे करून.

“पाणी भराचा गुंड होता माह्या बापानं देल्ला,” काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. “ह्यायनं त्याच्यावर दुनिया काढली. आता ना पाणी भरता येत, ना मोडीत देता येत.”

एका गिऱ्हाइकानं म्हटलं होतं, “उत्तर ध्रुवाच्या जागी तर भोक आहे.”

“तिथं कोण राहते जी?” काका म्हणाले.

या पृथ्वीवर रेखांश मात्र नाहीत. खरादीवर उभी रेघ पडतच नाही, भांडं फिरतं आणि छिन्नी जागची हलत नाही. काकांनी त्यातून एक तत्त्वज्ञान काढलं. “आडव्या रेघा देवाच्या. ऊन, पाऊस, दिवस केवढा, सगळं त्यायच्यावर. उभ्या रेघा माणसायनं घड्याळासाठी काढल्या. खोट्या असते त्या.”

मी एकदा धीर करून म्हणाले, “पण काका, लाँगिट्यूड…”

“काय?”

“काही नाही.”

मला वाद घालता येत नाही. रिक्षावाल्याला हाक मारायची तरी मी वाक्य मनात आधी म्हणून पाहते. म्हणूनच परवा पल्लवीताईचा मेसेज आला तेव्हा तो मी तीनदा वाचला.

पल्लवीताई ही काकांची एकुलती एक मुलगी. मेक्सिकोत ग्वादलाहारा नावाच्या शहरात एका कंपनीत काम करते. ते शहरही एकवीसच्या रेघेवर येतं, अर्थातच तागडीच्या नियमानं. काकांचं हे सगळं वेड तिथूनच सुरू झालं. ती जायच्या आधी त्यांनी पुस्तकांच्या दुकानातून पोरांचा प्लास्टिकचा पृथ्वीगोल आणला होता. भंडाऱ्यावर बोट ठेवलं आणि आडवं सरकवत नेलं. बोट अर्धी पृथ्वी फिरून मेक्सिकोवर आलं. “बोट उचलाच नाही लागलं,” ते तेव्हा गल्लीभर सांगत होते. “पोर आपल्याच रेघेवर चालली.”

आता ताईनं लिहिलं होतं: ‘कंपनी मला कॅनडात टोरांटोला बोलावते आहे. काम चांगलं आहे, मला जायचं आहे. पण बाबा रोज फोनवर म्हणतात, एकाच रेघेवर आहो ना, मंग दूर कशी? त्यावर मी दर वेळी विषय बदलते. तू सांगशील? ते फार खचले तर मी नाही म्हणून कळवते. उद्याच उत्तर द्यायचं आहे.’

म्हणजे ताईची नोकरी माझ्या एका वाक्यावर आली. ते वाक्य मी दुपारपर्यंत मनात म्हणून पाहिलं. दुकानात गेले तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. काकू दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. काका समया पुसत होते.

“काका, टोरांटो किती नंबर?” मी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नंबर विचारला होता. काका इतके खूश झाले की समई तशीच ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि मोबाइलमध्ये शोधायला लागले. “टोरांटो… टोरांटो… हे पाय. त्रेचाळीस आन् वर. चव्वेचाळीस धर. लय वर हाय व. कोण चाललं तिकडं?”

मी समईकडे पाहत राहिले. ठरवलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

काकूंची तांदळातली बोटं थांबली. “पल्लवी?”

“हो,” मी म्हणाले. “कंपनी बोलावते आहे. ताईला जायचं आहे. पण तुम्ही हो म्हणाल तरच.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फळीवरचा गुंड दोन्ही हातांनी उतरवून मांडीवर घेतला आणि फिरवला. भिंतीकडची बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

पितळ वापरात नसलं की काळवंडतं. तो गुंडही काळवंडला होता, फक्त एकवीसची रेघ चमकत होती. फळीवर दुरून पाहताना मला वाटायचं, काका तेवढीच रेघ चिंच लावून घासत असतील. पण चमक अर्ध्याच रेघेवर होती. भंडाऱ्याच्या ठिपक्यापासून पश्चिमेकडे निघून ती भिंतीकडच्या बाजूला एका जागी संपत होती. पुढची अर्धी रेघ बाकीच्या गुंडासारखीच काळी. ती चमक घासून आलेली नव्हती, बोट फिरवून आली होती. रोज, घरापासून मेक्सिकोपर्यंत.

“चव्वेचाळीस,” काका पुटपुटले आणि गुंड घेऊन मागच्या खोलीत गेले. खराद सुरू झाल्याचा आवाज आला.

“गेला माहा गुंड,” काकू म्हणाल्या, पण त्या उठून मागे गेल्या, म्हणून मीही गेले.

गुंडाच्या खांद्यावर, जिथे तो गळ्याकडे निमुळता होतो तिथे, नवी रेघ पिवळीधमक उठली होती. काकांनी सुतळी घेतली. आधी एकवीसच्या रेघेभोवती गुंडाळून गाठ मारली. तीच सुतळी नव्या रेघेभोवती धरली, तर ती सैल होऊन लोंबायला लागली.

“पाय,” ते म्हणाले. “वर गेलं का घेर लहान होते. म्हणजे पोर जवळ आली.”

हे असं मोजत नाहीत, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग डोळ्यांसमोर पृथ्वी आणून पाहिली आणि तोंड मिटलं. ध्रुवाकडून गेलं तर टोरांटो मेक्सिकोपेक्षा खरंच जवळ होतं.

“मंग आधीच तिकडं पाठवाची होती,” काकू म्हणाल्या. त्या डोळे पुसत होत्या.

काकांनी भंडाऱ्यावर बोट ठेवलं आणि सवयीनं सरकवायला लागले. थोडं गेल्यावर थांबले. “आता आडवं जाऊन भागत नाही. कुठं तरी वर चढा लागन. कुठून चढू?”

“त्याला उभी रेघ लागेल, काका,” मी म्हणाले.

मला वाटलं आता देव आणि घड्याळ निघणार. पण काका गुंडाकडे पाहतच म्हणाले, “तुले वाटत असन, काकाले उभ्या रेघा समजत नाही. समजते व. गुरुजीनं छडी मारून शिकवल्या. पण त्या मोजल्या का पोर पार दुनियेच्या तिकडं जाते. नाही मोजल्या का इथंच राहते. म्हणून नाही मोजल्या.”

मी मोबाइल काढला. टोरांटोचा उभा नंबर पाहिला, मग भंडाऱ्याचा, मग खात्री करायला परत टोरांटोचा.

“काका, तिचा एकोणऐंशी. आपला पण एकोणऐंशी.”

“काय सांगतं व?”

“पण आपला पूर्वेचा आणि तिचा पश्चिमेचा. आणि वरचा थोडा फरक आहे…”

“अर्ध्या डिग्रीच्या आत हाय?”

“हो.”

“मंग चालते,” काका म्हणाले. त्यांनी खिळा माझ्या हातात दिला. “काढ. मले आडव्याच काढता येते.”

मेक्सिकोच्या थोडं अलीकडे, चमक संपायच्या आधीच, मी एकवीसपासून चव्वेचाळीसपर्यंत रेघ ओढली. वाटेत दोनदा खिळा घसरला. काकांनी ती चष्म्याखालून, चष्म्यावरून पाहिली. “वाकडी आली. पण पोचते.” मग म्हणाले, “सांग तिले, जा म्हणा. स्वेटर घे म्हणा.”

मी ताईला लिहीत होते तेव्हा काकू पुढे आल्या. “सरका जी. मले पाहू द्या.” त्यांनी पदराला हात पुसला आणि गुंडावर बोट ठेवलं. बोट पहिल्या फटक्यात ठिपक्यावर पडलं, भंडारा कुठे आहे ते त्यांना शोधावं लागलं नाही. सराईतपणे ते त्या चमकत्या रेघेवरून निघालं, माझ्या वाकड्या रेघेशी आल्यावर थबकलं.

“इथून वर,” काका म्हणाले. “हळू चढ.”