पंचवीस दाण्यांची शर्यत

आमच्या मधूकाकांना "कसे आहात?" असं कधी विचारू नका. "बरा आहे" असं साधं उत्तर त्यांच्या तोंडून येणारच नाही. ते हातातल्या कामाकडे एकदा बघतील आणि सांगतील, "चार राहिलेत." चार काय? तर पोळ्या लाटायच्या चार राहिल्यात, नाहीतर पेपरची पानं चार राहिलीत. किती झालं हे त्यांना कधी सांगता येत नाही. किती राहिलं, ते मात्र झोपेतून उठवून विचारा.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात येऊन मला बारा वर्षं झाली, त्यातली दहा काकांच्या शेजारात गेली. मी नागपूरची, ते मिरजेचे. गावाकडे असतो तर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. इथे मात्र बर्फ काढायचं फावडं त्यांच्याकडे, मिक्सर माझ्याकडे, त्यामुळे ओळख व्हावीच लागली. काका गाड्यांच्या कंपनीत टेस्ट ट्रॅकवर होते. नवी गाडी गोल गोल फिरवत ठेवायची आणि कितव्या फेरीला काय तुटतं ते बघायचं, हे काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात. काकांनी दुसरा ट्रॅक शोधला.

म्हणजे असं, की आमच्याकडे हिवाळ्यात बाहेर धावायची सोय नसते. म्हणून कॉलेजांच्या स्पर्धा छपराखाली होतात आणि ट्रॅक असतो दोनशे मीटरचा. पाच हजार मीटर धावायचं म्हणजे त्याच ट्रॅकवर पंचवीस फेऱ्या. दहा-बारा फेऱ्यांनंतर धावणाऱ्याला स्वतःचं नाव आठवत नाही, फेरी कसली आठवतेय! त्यामुळे फिनिश लाइनपाशी एक माणूस आकड्यांची पाटी घेऊन उभा असतो. चोवीस राहिल्या, तेवीस राहिल्या, अशी पाटी उलटत जायची आणि एकच राहिली की घंटा वाजवायची. तो माणूस म्हणजे आमचे काका. फुकट काम, वर पांढरा टी-शर्ट आणि दुपारी एक थंड सँडविच.

ही पाटी काकांच्या अंगात इतकी भिनली, की आमच्या मंडळाच्या गणपतीत ते ती घेऊनच आले. तुम्हाला माहितीय, परदेशात आरत्या संपता संपत नाहीत. प्रत्येकाला आपल्या आजीची एक आरती आठवते आणि ती म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मागे पुलाव गार होत असतो. काका गणपतीच्या शेजारी उभे राहिले आणि दर आरतीला पाटी उलटू लागले. पाच. चार. तीन. लोकांना इतका धीर आला, की शेवटच्या रांगेतली माणसंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. दोनवर आल्यावर एका काकूंनी उत्साहाच्या भरात मधेच एक जास्तीची आरती सुरू केली. काकांनी पाटी पुन्हा तीनवर नेली आणि काकूंकडे असं बघितलं, की बाप्पा रे बाप्पा! एक राहिली तेव्हा त्यांनी घंटा अशी बडवली, की मंत्रपुष्पांजली लोकांनी अक्षरशः पळत म्हटली.

सुमनकाकू तेव्हा होत्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वैशाली, याच्याशी संसार करणं म्हणजे सारखं कुणीतरी मागे लागल्यासारखं वाटतं गं."

काकू गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. ट्रॅकवर काकांना त्याच घेऊन जायच्या, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांनी हायवेवर गाडी चालवायची नाही, असं त्यांच्या क्युपर्टिनोच्या मुलीनं फर्मान काढलेलं. मागच्या वर्षी ते कुणाच्या तरी गाडीतून गेले. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी काकांनी माझं दार वाजवलं आणि "शनिवारी काय करतेयस?" असं विचारलं.

शनिवारी मी झोपणार होते. खरं सांगते, मला दुसरं काहीच करायचं नव्हतं. ऑफिसात टीम अर्धी केलेली, काम तेवढंच. नवरा प्रोजेक्टसाठी टेक्ससमध्ये. मुलीला काही विचारलं की ती "आय'म फाइन, आई" म्हणून दार लावून घेते. अंगात इतका शीण भरलेला, की सिग्नलला गाडी थांबली तरी बरं वाटायचं. पण दारात पांढरा टी-शर्ट इस्त्री करून हातावर घेतलेला म्हातारा माणूस उभा असताना नाही कसं म्हणणार?

दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये पहिला तासभर काका एक्झिट मोजत होते. अकरा राहिले, दहा राहिले. मग मोजणं सोडून माझ्याकडे वळले.

"मागच्या वर्षी मी चुकलो," ते म्हणाले.

"चालायचंच, काका."

"चालायचंच नाही. पहिल्या नंबरची फेरी सगळे मोजतात. कोच मोजतो, लोक मोजतात, आता तर मोठा स्क्रीन मोजतो. शेवटच्याला कोण मोजतं? मी मोजतो. पहिली आलेली पाणी पीत असते तेव्हा शेवटच्या मुलीच्या दोन-तीन फेऱ्या राहिलेल्या असतात. तिच्यासाठी मी पुन्हा घंटा देतो. वीस वर्षं देतोय. आणि मागच्या वर्षी एक फेरी आधी दिली."

हॅना नावाची मुलगी होती. घंटा ऐकून तिनं सगळा जीव काढून शेवटची फेरी मारली, रेषेवर पोचली, गुडघ्यावर बसली. तेव्हा तिला सांगावं लागलं, की बाई, अजून एक आहे. ती उठली आणि रडत रडत ती फेरी चालत गेली. निकाल मशीनवर असतो, त्यामुळे कागदावर काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते तिच्या पायांचं.

"यंदा ती पुन्हा आहे. शेवटचं वर्ष तिचं," काका म्हणाले. "आणि डेब म्हणालीय, यंदा चुकलात तर पाटी परत द्या."

डेब म्हणजे तिथली मुख्य पंच. आम्ही पोचलो तेव्हा तिनं काकांना मिठी मारली, पण पाटी हातात देताना क्षणभर सोडलीच नाही. ते मला दिसलं.

काकांनी मला वळणापाशी, पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर नेऊन बसवलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून स्टीलची छोटी डबी काढली, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या हातात कोंबली. आत शेंगदाणे होते. भाजलेले, सोललेले. अमेरिकेत कितीतरी पोरांना शेंगदाण्यांची अॅलर्जी, त्यामुळे पोरांच्या गर्दीत ते आणणं म्हणजे जवळपास बंदूक आणण्यासारखं.

"पंचवीस आहेत," काका कुजबुजले. "हॅना पुढून गेली की एक खायचा. हॅनाच, दुसरी कुणी नाही. एक उरला की तो हातात धरून हात वर करायचा."

"काका, तुम्ही मोजताय ना? मग मी कशाला?"

"मी मोजतोच आहे. पण पडताळा लागतो." ते खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "सुमन इथे बसायची. वीस वर्षं. मी पाटी एकवर नेली की इकडे बघायचो. तिचा हात वर असायचा, मग घंटा द्यायचो. मागच्या वर्षी दोन राहिल्या होत्या तेव्हा मी सवयीनं इकडे बघितलं. खुर्ची रिकामी. बघतच राहिलो. परत वळलो तर आकडा डोक्यातून गेलेला."

एवढं बोलून ते निघून गेले. 

शर्यत सुरू झाली. सोळा मुली, आणि तिसऱ्या फेरीपासून सोळावी कोण ते स्पष्ट. हॅना बुटकी, लाल वेणीची, आणि धावताना असा चेहरा, की हिला कुणी या लग्नाला बोलावलंच नव्हतं. ती गेली की मी एक दाणा खायची. पुढच्या मुली तिला मागे टाकून पुन्हा पुन्हा यायच्या, तेव्हा मी डबीवर हात ठेवायची. माझा स्वतःवर विश्वास नव्हता. त्या गरम हॉलमध्ये गोल गोल फिरणाऱ्या मुली बघून माझे डोळे मिटायला लागले होते. पण आकडा डोक्यात ठेवायची गरजच नव्हती. जे राहिलं ते डबीत होतं. काकूंच्या हुशारीला मी मनातल्या मनात हात जोडले.

आठ दाणे उरले होते, तेव्हा शेजारच्या बाईनं माझ्याकडे वळून म्हटलं, "ओ, पीनट्स!"

आता मला सांगा, डबा उघडा आहे आणि शेजारचा माणूस त्याच्याकडे बघतोय, तर आपण काय करतो? आईनं आजवर जे घोटून घोटून शिकवलं, तेच माझ्या हातानं केलं. मी डबी पुढे केली. "प्लीज, घ्या ना." बाईनं हसून चिमूटभर उचलले आणि तोंडात टाकले.

मग मला कळलं मी काय केलंय. पायांखालची जमीन सरकली हो! डबीत चारच दाणे. आठातून चार गेले असं वाटत होतं, पण आधी आठच होते का? की मी झोपेत एखादा जास्त खाल्ला होता? पलीकडे काका पाटी धरून ताठ उभे. त्यांची नजर मधूनमधून माझ्याकडे येत होती. हॅना माझ्या पुढून गेली. मी काही खाल्लं नाही. 

"किती राहिल्या?" मी त्या बाईला विचारलं. खरं तर विचारलं नाही, तिचा दंडच धरला. "त्या शेवटच्या मुलीच्या! लाल वेणी!"

बाईनं माझ्याकडे असं बघितलं, की हे विचारणारी जगात दुसरी कुणी असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"सेव्हन," ती म्हणाली. मांडीवर तिची सात बोटं उघडी होती. "माझी मुलगी आहे ती. मागच्या वर्षीपासून मी स्वतः मोजते."

मी पर्स उपडी केली. तीन टिकटॅकसारख्या गोळ्या सापडल्या, त्या डबीत टाकल्या. चार दाणे आणि तीन गोळ्या, झाले सात. तिथून पुढे आम्ही दोघींनी मिळून मोजलं. ती एक बोट मिटायची, मी एक गोळी चघळायची. गोळ्या संपल्या, मग दाणे. पुढच्या मुली संपवून लोळत पडल्या, लोक टाळ्या वाजवून उठायला लागले, आणि ट्रॅकवर हॅना एकटी. तीन. दोन.

एक दाणा उरला. मी उभी राहिले आणि हात वर केला. माझ्या शेजारी हॅनाच्या आईनंही एक बोट वर केलं. काकांनी पाटी एकवर नेली होती. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि क्षणभर मला वाटलं ते पुन्हा हरवले. मग घंटा वाजली. आमच्या गणपतीत वाजली होती ना, तशीच.

हॅनानं आवाज ऐकला आणि काकांकडे मान वळवून बघितलं. खरंच का, असं विचारत होती ती. काकांनी मान डोलावली. मग ती पोरगी जी सुटली! मी ओरडत होते, मराठीत, "पळ गं, पळ!" तिची आई रडत होती. याआधी मी इतक्या मोठ्यानं कधी ओरडले होते तेही मला आठवत नाही.

डेबनं येऊन काकांच्या पाठीवर थाप मारली आणि पाटी त्यांच्याच हातात ठेवून ती पुढच्या शर्यतीकडे गेली. काका हळूहळू माझ्यापर्यंत आले. चेहरा घामानं डबडबलेला, जणू पंचवीस फेऱ्या तेच धावले होते.

मी दाण्यांचं खरं सांगून टाकलं. बाईला दिलेले, गोळ्या टाकलेल्या, सगळं. काका रागावतील असं वाटलं होतं.

"सुमनसुद्धा द्यायची," ते म्हणाले. "म्हणून ती दहा जास्तीचे वेगळ्या पुडीत आणायची. तुला सांगायला विसरलो मी."

मग त्यांनी तळहात पुढे केला. मला आधी कळेना.

"शेवटचा माझा असतो," ते म्हणाले.

तो दाणा माझ्या मुठीतच होता. ओरडण्याच्या नादात मी तो इतका दाबला होता, की त्याच्या दोन पाकळ्या झाल्या होत्या. मी दोन्ही त्यांच्या हातावर ठेवल्या. काका काकूंच्या शेजारी बसायचे तसे माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी एक पाकळी तोंडात टाकली. दुसरी माझ्यापुढे धरली. ट्रॅकवर पुढच्या शर्यतीच्या मुली उड्या मारून अंग गरम करत होत्या.

"मागच्या वर्षी कुणी दिलाच नाही गं," काका म्हणाले, आणि बराच वेळ तो अर्धा दाणा चावत बसले.