केल्विनची गाडी उंच झाली त्याची हकीकत

हे लिहिणारच नव्हतो. केल्विन वाचेल आणि रागावेल. मग आठवलं, केल्विन व्हिडिओ बघतो, वाचत नाही. तेव्हा लिहितो.

रस्ता खाली गेला की माणसाने वर जावं, यालाच प्रगती म्हणतात. आमच्या वसईत हे सगळ्यांना पटलंय. घरात पाणी आलं की आम्ही जोतं उंच करतो, शेजाऱ्यापेक्षा वीतभर जास्त. (पाणी कुठून आलं हे विचारणं उद्धटपणाचं समजतात.) गाडीलाही तोच नियम. इथल्या ऑफ-रोड गाड्यांची मी रीतसर पाहणी केली (नाक्यावर, चहा पिता पिता). शंभरातल्या अठ्ठ्याण्णव कधी रस्ता सोडून गेल्याच नाहीत. उरलेल्या दोन जिथे रुतल्या, तोही कागदावर रस्ताच निघाला.

वटारच्या केल्विनचा हेतू मात्र पवित्र होता. त्याच्या मम्मीचं, रोझलीनबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर रोज पापडीला दवाखान्यात व्यायामाला आणा, नाहीतर गुडघा कायमचा ताठ राहील. वाटेत बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, वळणावर एक खड्डा. गाडी त्यात आदळली की मम्मी "जेजू!" म्हणून येशूच्या नावाने ओरडायची. केल्विनच्या काळजाला ते लागलं. खड्ड्याचं काही करणं त्याच्या हातात नव्हतं (त्याने हात बघितले नव्हते), म्हणून त्याने गाडीचं केलं.

पुढचे स्ट्रट, म्हणजे ज्या दांड्यांवर गाडीचं तोंड तोललेलं असतं ते, त्याने काढले. वर जाड स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, घातले. गाडी उचलली गेली, पण चाकं फेंगडी झाली. म्हणून स्ट्रटच्या खालच्या पकडीतलं बोल्टचं भोक कानशीने लांबट केलं. चाकं सरळ झाली, स्टिअरिंग वाकडं झालं. ते सरळ केलं तर पुढून कुरकुर यायला लागली. मग मोठे स्पीकर बसवले. कुरकुर बंद. प्रत्येक दोषाचं असं शास्त्रशुद्ध निवारण होईपर्यंत मम्मीचा व्यायाम बंदच होता.

अखेर मम्मीला अंगणात आणलं. पाय ठेवायची पट्टी तिच्या कमरेला आली.

"बाबू, गुडघा माझा आनि ऑपरेशन गाडीचं?"

"मम्मी, एकदा आत बस. खड्डा कळणार पण नाय."

"घरी बसले तरी नाय कलत."

स्टूल आणलं, ते डुगडुगलं. शिडी लावली. पण शिडी चढायला गुडघा वाकायला हवा, गुडघा वाकायला व्यायाम हवा, आणि व्यायामाला जायला शिडी चढायला हवी. मग सर्वमान्य तोडगा निघाला. मम्मी रिक्षाने, आणि मागून देखरेखीला केल्विन, गाडीतून. रिक्षा खड्ड्यात गेली. "जेजू!" मागून गाडी गेली, लोण्यासारखी. मागच्या रिकाम्या सीटला धक्कासुद्धा लागला नाही. केल्विनचे डोळे भरून आले.

चार फेऱ्यांनंतर मम्मीने सांगून टाकलं, "मी नाय येत आता. ऱ्हाऊ दे ताठ."

त्या संध्याकाळी शेजारचा संकेत आला. लहानपणापासूनचा दोस्त, स्पष्ट बोलणारा.

"केल्या, डोकं लाव. दोन घमेली खडी टाकू आपण दोघं. अर्ध्या तासाचं काम. काकी उद्यापासून जाईल रिक्षाने."

केल्विन गंभीर झाला. "खड्डा भरायचा? येडा झालास का? मग गाडी उंच केली कशाला?"

संकेत वाकून गाडीच्या खाली बघायला लागला.

"माझ्या गाडीचं होईल असं?"

"रविवारी घेऊन ये. स्वतः करून देतो. शब्द!" केल्विनने टाळी दिली.

आत मम्मी ताठ पाय स्टुलावर ठेवून बसली होती.

संकेतला हसू नका. तुमच्या दारासमोरचा खड्डा तुम्हाला पाठ आहे, तो डावीकडून चुकवायचा की उजवीकडून, तेही. आणि आत्ता वाचताना तुम्ही एकदा तरी मनात म्हणालात, हे स्पेसर मिळतात कुठे.