दिवटीच्या करारनाम्याची हकीकत

श्रीइच्छेने घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध पंचमी. राणीसाहेबांचा दरबार भरला. मधोमध गजराबाई सुईण, थंड पडले पाखरू धरावे तैसा मोबाइल ओंजळीत धरून उभी, आणि समोर मोबाइलात उजेड पाडणाऱ्या 'दिवटी' नामे ॲपाचे वकील हेरंबराव, बाजूस त्यांची पेटी. करीना, म्हणजे घडली हकीकत, ऐसा की, आदल्या दिवशी भर दुपारी माजघरात बाळंतपण चालले असता वीज गेली, मग बाईने उजेडाकरिता दिवटी घेतली, आणि दिवटीने परवानगी मागताच, एक हात बाळाच्या मस्तकी असता, दुसऱ्याच्या अंगठ्याने 'मान्य' दाबिले. मूल सुखरूप जाहले; परंतु मोबाइलातील तीनशे बारा स्त्रियांच्या नावांची नक्कल वकिलांच्या पेटीत उतरली. त्यात कित्येक घरच्यांस न कळता आलेल्या. पेटी सीमेपार विकावयास न्यावयाची, राणीसाहेबांचा शिक्का तेवढा उणा.

बाई म्हणाली, "सरकार, ही नावं फुटली तर त्या पोरींना घरात कोण ठेवील? वीस वर्षं मी तोंड मिटून काढली." वकील हसोन बोलिले, "बाई, अंगठा काय आम्ही उठविला?" बाई उसळली, "त्या वेळी कोण कागद वाचतं, ते आपल्या आईसाहेबांना विचारा, पंत!" दरबारी हशा जाहला, आणि त्या हशात राणीसाहेबांस राज्याचा जुना रिवाज आठवला: करार देणाराने उभ्याने वाचावा, घेणाराने बसून ऐकावा, न वाचिल्या कागदावरील अंगठा रद्द. मोबाइल आलियापासोन सर्वांस विसर पडला होता, खुद्द सरकारासही.

मग बाईस बैठक दिली आणि वकिलांस आज्ञा जाहली, "वाचा." प्रहर लोटला, पाणी दिले, दुसरा प्रहर लोटला, आणि बेचाळिसावे कलम येताच वकिलांचा आवाज धुळीसारखा खाली बसला. "मोठ्यानं, पंत," बाई म्हणाली, "मी बसून ऐकतेय." तेव्हा वाचिले: मोबाइलातील सर्व नावे आम्ही घेऊ आणि मर्जीस येईल त्यास देऊ. राणीसाहेबांनी पुसिले, "हेरंबराव, दिवा लागावयास बायकांची नावे कशास लागतात?"

सारांश, अंगठा रद्द जाहला, पेटीतील नक्कल दरबारादेखत मिटविली, बाईने प्रथमच पाठ टेकून श्वास सोडिला, आणि तीनशे बारा घरी त्या सांजेस चुली नित्यासारख्या पेटल्या, कोणास काही कळले नाही. राणीसाहेबांचा प्रश्न मात्र दरबारी उभाच राहिला. हेरंबराव रिकामी पेटी उचलोन वेशीकडे चालते जाहले.