पंचाक्षरी सरांची हिरडी

लातुरात रसायनशास्त्र शिकवणारे पैशाला पासरी, पण पंचाक्षरी सरांसारखं तोंड कुणाचं नव्हतं. एका समीकरणामागं अर्धा तास किस्से! पोरं हसून लोळायची. चौकातल्या क्लासच्या बोर्डावर फोटो झकास यावा म्हणून सरांनी पन्नाशीत दातांना तारा लावल्या. दात आले रांगेत, पण हिरड्या मागं सरकल्या आणि आतलं हाड झिजलं.

हिरडीचं ऑपरेशन करणं भाग पडलं. ते म्हणजे दात साफ करण्यासारखं, अशा समजुतीत सर नव्या बॅचच्या डेमो लेक्चरच्या आदल्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसले. डॉक्टर सुमय्यांनी तोंडातल्या टाळूची कातडी काढून हिरडीला शिवली, हाडाची भुकटी भरली आणि बजावलं, "टाके निघेस्तोवर एक शब्द बोलायचा न्हाई. ओठ ताणला की टाके तुटले, मग दात गेलेच समजा."

सरांनी कागदावर खरडलं, "उद्या डेमो आहे!"

"मग दात ठेवायचे का डेमो, तुमीच ठरवा."

डेमो पुढं ढकलावा तर पोरं समोरच्या क्लासात जाणार. दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला, आणि सर नुसतेच उभे! लोकांची चुळबूळ बघून बायकोला, शिवांगीबाईंना, काही सुचेना. त्यांनी माइक धरला आणि ठोकून दिलं, "सरांनी मौन धरलंय. पोरांच्या निकालासाठी."

अहमदपूरचे ज्ञानोबा पोरगं घेऊन आले होते. ते उठले आणि थेट सरांच्या पायावर पडले. "आपल्या लेकरासाठी येवढं कोण करायलंय, सांगा!"

मग काय विचारता! पोरं चिडीचूप. सर मुकाट्यानं फळ्यावर लिहीत गेले, आणि अख्खा धडा एका तासात संपला. बॅच भरली, दुसरी काढावी लागली. पालक नारळ आणायचे, पाया पडायचे. सरांच्या पोटात मात्र किस्से नुसते उकळत होते. बोलल्याशिवाय जगणं म्हणजे काय जगणं, असं वाटून त्यांना रडू यायचं.

अखेर टाके निघाले. डॉक्टरांनी बॅटरी मारून हिरडी नीट बघितली. सर बोलायला तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "थांबा! परीक्षेपर्यंत बोलू नका."

सरांनी घाबरून लिहिलं, "हिरडी बिघडली का?"

"हिरडी एकदम फस्क्लास हाय," डॉक्टर हात धुता धुता म्हणाल्या. "पण आमची पोरगी सदफ तुमच्याच क्लासला हाय. दोन वर्षांत पयल्यांदा तिला केमिस्ट्री समजायलंय."