पामला श्रीवर्धनी खुराक

"श्रीवर्धनात तीनशे पोफळी पोसल्यात मी! हे तर कुंडीतलं पिल्लू!"

असं इंदुबाईंनी घरमालकिणीला ठणकावलं, आणि दूर हिंदी मुलखात, सोडाल्यातल्या त्या भाड्याच्या घरात संकट कुंडीत बसून आलं.

घरमालकीण सोहनीदेवी महिनाभर हरिद्वारला निघाल्या होत्या. त्यांच्या बैठकीतला पाम पिवळा पडून, नापास झालेल्या पोरासारखी मान टाकून उभा होता.

"माताजी, आप ही संभालो."

"संभालेंगे! पर इसको सुपारी कब लगती?"

"अरे नहीं, ये तो शो के लिए है!"

शोसाठी झाड! खायला फळ नाही, टेकायला सावली नाही, आणि वर एसीत बसायचं! हे झाड की जावई?

सून वल्लरी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "आई, त्याला उजेड हवाय. खिडकीपाशी ठेवा, बेताचं पाणी घाला. बाकी काही करू नका."

"तू पेपर तपास! नुसत्या उजेडावर कुणाचं पोट भरलंय?"

कुंडी खिडकीपाशी गेली खरी, पण खुराकाचं काय? गावी पोफळीच्या बुडाशी मासळीचं खत घालत. इथे मासळी कुठली? तेवढ्यात इंदुबाईंना ट्रंकेतल्या साड्यांखालचा सुकटीचा डबा आठवला. वर राहणाऱ्या शेठजींची, म्हणजे सोहनीदेवींच्या यजमानांची, एकच अट होती: घरात मच्छी दिसली, की त्याच दिवशी घर खाली! पण आपण कुठे खातोय? झाड खातंय!

वल्लरी कॉलेजात गेल्यावर त्यांनी ओंजळभर सुकट मातीत पुरली.

तिसऱ्या दिवशी घराला बंदराचा वास सुटला.

"आई, काहीतरी मेलंय हो!"

"तुझं नाक मेलंय. उदबत्ती लाव!"

पाचव्या दिवशी दारात दोन मांजरं बसली. सातव्या दिवशी पाच. त्यातलं एक तर कीर्तनाला आल्यासारखं डोळे मिटून! आठव्या दिवशी शेठजी नाकाला उपरणं लावून खाली उतरले.

"माताजी, ये बदबू कैसी?"

"नाली, शेठजी! नाली तुंब गयी!"

शेठजींनी प्लंबर आणला. त्यानं अंगण खणलं. नाली ताटासारखी लख्ख! मग त्यानं जिन्याखाली खणलं, मग फाटकापाशी. घराभोवती असा खंदक झाला की नुसत्या मगरी सोडायच्या राहिल्या!

इंदुबाईंचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. कुंडीत गंमत चालली होती! पामच्या मधोमध एक हिरवी सुई वर आली होती. रोज सकाळी त्या ती बोटाच्या पेरांनी मोजत. एक पेर, दोन पेरं, अडीच! एवढं मोठं पान एवढ्याशा सुईत घडी घालून ठेवलं कुणी? आपल्याला नऊवारीची घडी नीट जमायला लग्नानंतर दोन वर्षं लागली!

सोहनीदेवी परतल्या तोवर वास विरला होता. पाम ताठ उभा, नवं पान मोरपिसासारखं उलगडलेलं. त्यांनी इंदुबाईंचे पायच धरले.

"माताजी, क्या डाला इसमें? मुझे भी दो! ठाकुरजी की तुलसी में डालूँगी!"

ठाकुरजींच्या तुळशीत सुकट! मागे शेठजी उभे, नुकतेच खंदक ओलांडून आलेले. उभ्या जन्मात असं कौतुक कुणी ताटात वाढलं नव्हतं, आणि आता वाढलं तर घास घेता येईना!

"मैंने कुछ नहीं डाला," त्या पुटपुटल्या. "ये सब बहू का है. कॉलेज का ज्ञान."

झालं! संध्याकाळपर्यंत दारात गल्लीतल्या अकरा आजारी कुंड्या लागल्या, सगळ्या प्रोफेसरबाईंसाठी.

पामची माती उकरून पाहिलेली वल्लरी कानाशी कुजबुजली, "आई, सुकट नुसती सडली हो. झाड सुधारलं ते उजेडानं."

इंदुबाईंनी शेठजींकडे पाहिलं आणि पहिली कुंडी उचलून खिडकीपाशी ठेवली.

इतक्यात बारावी कुंडी घेऊन आलेल्या बाईनं त्यांना कौतुकानं विचारलं, "माताजी, आपको भी पौधों का कुछ आता है?"

"थोडा-थोडा," इंदुबाई म्हणाल्या.