आठ ओहमचे दामूकाका

दामूकाकांकडे चहाला गेलात, तर चहाआधी तुमचा मोबाइल काढून घेतला जातो. पहिल्यांदा मी हादरलोच. काळेवाडीत भाड्याने राहायला येऊन दोन दिवस झाले होते, आणि शेजारी एकटाच राहणारा हा सत्तरीचा गृहस्थ माझा फोन हातात घेऊन म्हणाला, "घाबरू नका राव. नुसता जोडून बघतो."

जोडायचा कशाला? तर जेवणाच्या डब्याएवढ्या एका स्टिरिओ रिसीव्हरला, ब्लूटूथने. त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी स्पीकर, आणि समोर मधोमध, दोरीने माप घेऊन ठेवलेली, एकच खुर्ची. पाहुण्याने उभं राहायचं.

काकांनी चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये मापं घेण्यात जन्म काढला. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून बहुधा स्पीकरांच्या मागे लागले. "आदी ओहम बघायचा," हे त्यांचं पालुपद. "रिसीव्हर आठचा आन् स्पीकर चारचा, मंग त्यो बिचारा तापंल न्हाई तर काय करंल?" भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी डीजेवाल्याचे स्पीकर फिरवून मागचे आकडे वाचले. तोवर मुलीकडचे लोक अंगठी हातात धरून थांबले होते.

हा रिसीव्हर सकाळपासून झोपेपर्यंत चालू. गाणं असो वा नसो. एकदा जोडलेला कुणाचाही फोन जिन्यात आला, की रिसीव्हर आपोआप टुंग करायचा. दूधवाला आला, टुंग. माझी बायको गच्चीवर निघाली, टुंग. लगेच काका दार उघडून बघत, "तुमी व्हय," म्हणत आणि दार लावून घेत. आमच्यामधली भिंत म्हणजे नावाचीच भिंत.

एका रविवारी माझं डोकं सरकलं. घरमालकांसाठी मी व्हॉइस मेसेज रेकॉर्ड केला: "या म्हाताऱ्याला आवरा. दिवसभर टुंग टुंग. घरचे सोडून गेलेत ते उगाच नाही." पाठवण्याआधी ऐकून बघावं म्हटलं, तर फोनमधून आवाजच येईना. मी आवाज पूर्ण वाढवला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा बायको स्वयंपाकघरातून धावत आली. चेहरा पांढराफटक.

"अहो, तुम्ही काकांच्या घरात बोलताय!"

भिंतीपलीकडून माझाच आवाज येत होता, अगदी खणखणीत: "...ते उगाच नाही."

तसाच अनवाणी धावलो. दार उघडंच होतं. काका खुर्चीत बसले होते.

"काका, मी..."

"आवाज चांगला हाय तुमचा," ते म्हणाले. "तीन येळा ऐकला. शेवटाला जरा फाटतोय."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, माझा फोन रिसीव्हरच्या यादीतून काढून टाका, म्हणजे पुन्हा असं व्हायला नको.

त्यांनी रिमोट माझ्याच हातात दिला. "तुमीच काढा. मला दाबायचं भ्या वाटतं. वरचं नाव तेवढं जाऊ देऊ नका."

रिसीव्हरच्या छोट्या पडद्यावर सात-आठ नावं होती. सगळ्यात वर 'सुमन'.

"आमची मंडळी," काका म्हणाले. "नातवाला सांभाळाया पोराकडं गेली, रावेतला. चार म्हैन्यांसाठी. आता तिसरं वरीस चाललंय. जिन्यात आली की कळंल, बेलच्या आदी दार उघडीन, म्हनून चालू ठेवतो."

रावेत तर इथून रिक्षाने अर्ध्या तासावर. "येतील काकू," मी कसंबसं म्हणालो.

"यील की. पर फोन बदललाय तिनं. सून म्हनत हुती. नवा काय हितं जोडलेला न्हाई."

काहीही न काढता मी रिमोट त्यांच्या हातात ठेवला. "मग चालू कशाला ठेवता, काका?"

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पडद्यावरची धूळ पुसली.

"बंद केला की हे काळं पडतंय. तिचं नाव दिसत न्हाई."