तोफेच्या वेळी गायब होणारा बाशा

"मादाम, तुम्ही अगदी योग्य दारात आलात," उस्ताज वगदी म्हणाले, आणि स्वतःबद्दल बोलायला लागले. हे बोलणं एकदा सुरू झालं की अलेक्झांड्रियाची ट्राम परवडली; तिला निदान शेवटचा थांबा तरी असतो.

"लोक वर्तमानपत्र वाचतात, मी चेहरे वाचतो. ट्राममध्ये तिकीट तपासनीस होतो तेव्हा माणसाने खिशात हात घालायच्या आधी मला कळायचं, की खिसा रिकामा आहे. असा मेंदू रोज जन्माला येत नाही. पोलिसांना माझी गरज अजून कळलेली नाही, हे त्यांचं दुर्दैव."

एकदा त्यांनी ट्रामच्या चालकालाच उतरवून तिकीट मागितलं होतं, ही गोष्ट मात्र ते सांगत नसत.

समोर सोफ्याच्या टोकावर वरच्या मजल्यावरच्या मादाम अफकार बसल्या होत्या. रमजानचा दिवस, त्यामुळे चहा विचारायचा प्रश्न नव्हता. स्वयंपाकघरात वगदींची धाकटी बहीण इनशिराह लसूण ठेचत होती. वगदी उठले आणि त्यांनी ते दार लावून घेतलं.

"व्यावसायिक गुप्तता," ते म्हणाले. "तुम्हीही माझ्या बहिणीजवळ एक अक्षर काढायचं नाही. बोला आता."

"माझा बाशा हो!" मादाम अफकारांना राहवेना. "रमजान लागल्यापासून रोज संध्याकाळी रोजा सोडायच्या तोफेच्या आधी पसार होतो, आणि तासाभराने मिशा चाटत परत येतो."

बाशा म्हणजे त्यांचा नारिंगी बोका. इब्राहिमिया भागातल्या प्राणीवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. शुक्रवारी एक विषय जाहीर व्हायचा आणि पुढच्या गुरुवारपर्यंत आपापल्या प्राण्याचा फोटो टाकायचा. कधी 'खिडकी', कधी 'ओल्या मिशा', कधी 'सोफ्याचा खरा मालक'. नवरा गेल्यापासून मादाम अफकारांनी एकही आठवडा चुकवला नव्हता. गुडघे ओरडत असले तरी त्या फरशीवर पालथ्या पडत, बोक्याच्या डोळ्यांच्या उंचीला मोबाइल नेत आणि त्याचे कान उभे राहावेत म्हणून दुसऱ्या हाताने बिस्किटाचा कागद चुरगळत.

"या वेळचा विषय आहे 'इफ्तारचं ताट'," त्या म्हणाल्या. "फोटो सूर्य मावळताना, मगरिबच्या अजानलाच काढायचा, असा नियम. आणि माझी लेक रीहाम परदेशी दोह्यात बसून दर आठवड्याला तो फोटो बघते हो. मी तिला सांगून ठेवलंय, आई एकटी रोजा सोडत नाही, समोर बाशा असतो. गुरुवारी फोटो दिसला नाही तर ती काय ते ओळखेल. घर विकायला लावेल आणि मला तिकडे नेईल. तिथे मला कोण ओळखतं, उस्ताज? इथे निदान जिन्यात चार माणसं सलाम तरी करतात."

वगदींनाही जरा भरून आलं. पण गुप्तहेराला भरून येणं शोभत नाही, म्हणून ते खाकरले.

"घाबरू नका. गुन्हेगाराच्या मुसक्या बांधतो."

पहिला संशय अर्थातच दातांचे डॉक्टर मेधत यांच्यावर. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र इराणी मांजरीला ग्रुपवर दर आठवड्याला सर्वांत जास्त लाल बदाम पडत. प्रतिस्पर्ध्याचा बोका ऐन वेळी पळवायचा, केवढा नीच कट! संध्याकाळी वगदी डॉक्टरांच्या दाराला कान लावून उभे राहिले. तोफ झाली, अजान झाली, आणि दार आतून उघडलं तसे ते थेट डॉक्टरांच्या अंगावर गेले.

"अहो, अजानच्या वेळी दारात कसले उभे राहता? चला आत!" डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरून ताटावर बसवलं. वगदी घरभर शोधक नजर फिरवत सूप प्यायले. बाशा काही दिसला नाही. निघताना डॉक्टर म्हणाले, "जरा आ करा बघू," आणि चौकशीला गेलेले वगदी किडलेल्या दाढेची बातमी घेऊन घरी आले.

घरी ताटात चीजचा एक तुकडा आणि काकडी होती.

"माझा मासा कुठाय?" वगदी ओरडले. रमजानात माशाने तहान लागते म्हणून आख्ख्या इमारतीत कुणी मासा शिजवत नसे. पण वगदींना रोज तळलेला बुरी मासा लागायचाच. मेंदूला फॉस्फरस नको का!

"तू नव्हतास ना, दादा. पाहुणा आला होता, त्याला दिला."

"कोण पाहुणा?"

"येतो बिचारा रोज. आधी माशाच्या डोक्यावर भागायचं त्याचं. तू बाल्कनीत जेवायचास दुर्बीण घेऊन, तुला काय पत्ता? आज तू नव्हतास, मग आख्खा दिला. तोफेच्या वेळी दारात आलेल्याला उपाशी घालवायचं का मी?"

"छे छे, अगदी बरोबर केलंस," वगदी उदारपणे म्हणाले. रमजानात गरिबाच्या तोंडी घास गेला, तर तक्रार कसली?

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाशाच्या मिशांचा वास घेतला. बाशाने त्यांच्या नाकावर एक ओरखडा काढला, पण वास मिळाला. मासा!

"कोळ्यांची टोळी आहे, मादाम. अन्फूशीच्या बंदरावर बोके पळवून नेतात."

"आणि तासाभरात परत आणून सोडतात?"

"म्हणूनच तर टोळी हुशार आहे म्हणतो."

त्या संध्याकाळी वगदी अन्फूशीला मासे बाजारात दबा धरून बसले. सगळे कोळी वाटीभर फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, आणि पाव घेऊन जमिनीवर बसले होते. "रमजानात मासा कोण खातो, काका? दिवसभर जीभ टाळूला चिकटते," एक जण म्हणाला, आणि त्याने त्यांनाही वाटीत हात घालायला लावला. घरी पुन्हा चीज आणि काकडी.

बुधवारी तर कहर झाला. पँटवर त्यांना नारिंगी केस सापडले. त्यांच्या जेवणाच्या खुर्चीवर तर पुंजकाच.

"अरे बापरे," वगदी पुटपुटले. "बदमाश माझ्यावरच पुरावा पेरतोय. म्हणजे तो मला घाबरलाय!"

"कोण घाबरलंय?" इनशिराहने विचारलं.

"तुला सांगण्यासारखं नाही. गुप्त आहे."

"राहू दे बाई तुझं गुप्त. मासा खाणार आहेस का उद्या?"

"उद्या वेळ नाही."

गुरुवार उजाडला. मादाम अफकारांनी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या केल्या होत्या, सरबत भरून ठेवलं होतं, आणि समोरच्या खुर्चीवर बाशासाठी उशी घातली होती. वगदी बूट हातात घेऊन जिन्यात दबले. तोफेच्या जरा आधी बाशा दारातून निघाला आणि शेपटी ताठ करून जिना उतरायला लागला. वगदी मोज्यांवर मागे. खालच्या मजल्यावर बाशा वळला. वगदी मात्र वळले नाहीत. गुन्हेगार नेहमी बाहेर असतो, हा त्यांचा सिद्धान्त होता. ते तसेच धडधडत रस्त्यावर गेले आणि रिकाम्या गल्लीत मोजे मळवत उभे राहिले. तोफ झाली. बोका नाही, गुन्हेगार नाही, आणि खिशात खजूरही नाही.

पहिल्यांदाच त्यांना स्वतःची लाज वाटली. म्हातारीला काय तोंड दाखवायचं? सोफ्याच्या टोकावर बसलेल्या मादाम डोळ्यांपुढून हलेनात. पाय ओढत ते वर आले आणि त्यांनी आपलं दार उघडलं.

त्यांच्या खुर्चीवर बाशा बसला होता. त्यांच्या ताटात पुढचे पाय ठेवून त्यांचा बुरी खात होता. भिंतीवरून तपासनीसाच्या गणवेशातले वगदी फोटोतून हे सगळं बघत होते. आणि टेबलाशी इनशिराहच्या शेजारी मादाम अफकार, गुंडाळ्यांचं भांडं मांडीवर, हसून हसून डोळे पुसत होत्या.

"मला काय ठाऊक ताई, तुम्ही शोधताय ते!" इनशिराह म्हणत होती. "मला वाटलं, मासा फक्त आमच्याकडे म्हणून येतो. मी आत्ताच त्याचा फोटो काढून टाकला ग्रुपवर, कालच तर शिरले त्यात."

"तो बघून तर धावत आले! अगं, पण तू एक शब्द बोलली असतीस तर?"

"तुम्ही बोलला होतात का?"

दोघींनी एकदम वगदींकडे बघितलं. बाशाने बघितलं नाही, तो काटे काढत होता.

"माझा अंदाज," वगदी बूट खाली ठेवत म्हणाले, "अगदी असाच होता."

"मोजे बघ आधी," इनशिराह म्हणाली. "आणि आलाच आहेस तर मोबाइल घे. अजान संपायच्या आत आमचा फोटो काढ. रीहाम वाट बघत असेल."

वगदींनी फोटो काढला. दोन बायका, एक बोका, एक मासा. थोड्याच वेळात दोह्याहून उत्तर आलं. मादाम अफकारांनी ते मोठ्याने वाचलं, दोनदा थांबून.

"'मम्मा, आता मला झोप लागेल. पण कोपऱ्यात ते जाडं बोट कुणाचं?'"

"सांगू नका," वगदी चीजचा तुकडा तोंडात टाकत म्हणाले. "व्यावसायिक गुप्तता."